थांब म्हणण्याचा हक्क

कातळ चढणाऱ्यांची छायाचित्रे काढायला शिकू लागलो तेव्हा आम्हाला वाटे, अडचण कॅमेऱ्याची आहे. मुंब्र्याच्या डोंगरात पायथ्याशी उभे राहून काढलेल्या पहिल्या चित्रांत चढणाऱ्याची पाठ आणि बुटांचे तळवे तेवढे आले. चेहरा आणि खालची खोली हवी तर वर जावे लागते. वेगळ्या दोरावर लटकावे लागते, पायाखालचा दगड सुटणार नाही हे पाहावे लागते. हे सरावाने जमले.

जमले नाही ते दुसरेच. एकदा आम्ही वरून ओरडलो, "जरा थांब!" बोटांच्या टोकांवर तोललेला मित्र आमच्यासाठी थांबला. हात थरथरले, पकड सुटली. दोराने झेलले म्हणून वाचला. तो हसला, आम्हाला हसता आले नाही.

३ जून २०१७ रोजी अलेक्स होनोल्डने कॅलिफोर्नियातील एल कॅपिटनचा सुमारे ९०० मीटरचा कडा दोराविना सर केला. जिमी चिन आणि सहकारी चित्रीकरण करीत होते. सर्वांत अवघड जागी त्यांनी माणूस न ठेवता दुरून चालणारा कॅमेरा लावला. आपल्या असण्यामुळे त्याचा तोल तर जाणार नाही ना, ही त्यांची चिंता होती.

हा प्रश्न नवशिक्यांनाही चुकत नाही. दोर असला तरी भीती चढणाऱ्याची असते, चित्र मात्र आपले होते. मग त्याला थांबवण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? आता आम्ही हाक मारीत नाही. पुष्कळ चित्रे हुकतात.