यंत्राची साक्ष

यंत्रे खोटे बोलत नाहीत, असा एक समज आपल्या सुशिक्षित वर्गात फार दिवसांपासून रूढ आहे. माणसाला लोभ असतो, भय असते; लोखंडाला यांपैकी काहीच नाही, तेव्हा त्याने खोटे बोलावे तरी कशासाठी? यंत्र म्हणजे केवळ लोखंडच होते, तोपर्यंत हा समज फारसा चुकीचा नव्हता. जुन्या मोटारीचा कार्ब्युरेटर बिघडला की गाडी धूर ओके, गचके खाई, आणि आपला रोग आपल्याच तोंडाने सांगे. परंतु आता इंजिनावर एक लहानसा संगणक देखरेख करतो. पेट्रोल किती सोडावे व ठिणगी केव्हा पाडावी हे तो ठरवितोच; शिवाय इंजिनाची प्रकृती कशी आहे याची साक्षही तोच देतो. कारभारी आणि साक्षीदार एकच झाला म्हणजे न्यायालयात जो प्रश्न उद्भवतो, तोच येथेही उद्भवतो.

या विषयास निमित्त झाला तो नाते गावचा एक तरुण. महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हे गाव; चिंतामणराव देशमुख येथे 1896 साली जन्मले, एवढी ओळख बहुतेक वाचकांस पुरेशी होईल. (देशमुख 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. वाफेच्या इंजिनाची गती आवरणाऱ्या यंत्रासही गव्हर्नरच म्हणतात. दोघांचे काम पाहता हा योगायोग केवळ शाब्दिक आहे, असे आम्हांस वाटत नाही.) हा तरुण मोटारी दुरुस्त करतो, आणि गेले वर्षभर इंजिनाच्या संगणकातील आकडे जुळविण्याची विद्या शिकत आहे.

ही विद्या बाहेरून जितकी जादूची वाटते तितकी ती नाही. संगणकाच्या पोटात मुख्यतः कोष्टके असतात. आडव्या ओळीत इंजिनाचे फेरे, उभ्या ओळीत त्यावरील भार, आणि प्रत्येक घरात एक आकडा. पेट्रोल पुरते जळावयाचे तर एका भागास वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. पण पूर्ण जोराच्या वेळी पेट्रोल याहून थोडे जास्त द्यावे लागते. ठिणगी दट्ट्या माथ्यावर पोहोचण्यापूर्वी किंचित पाडावयाची. फार लवकर पाडली तर इंजिन आतून ठोके देऊ लागते, आणि ते ठोके न ऐकणाऱ्याच्या इंजिनाचा दट्ट्या फुटतो. म्हणून नवशिक्याने प्रथम पुष्कळ दिवस काहीच बदलू नये, नुसते वाचावे. मूळ कोष्टकाची प्रत जपून ठेवावी. मग एका वेळी एकच आकडा बदलावा, गाडी चालवून नोंद घ्यावी आणि पहिल्या नोंदीशी ताडून पाहावी.

या अभ्यासात एक गोष्ट मोठी विचार करण्याजोगी आहे. गाडी संथ चालली असता धुराड्यातील प्राणवायूमापक संगणकास सतत खबर देत असतो, आणि नवशिक्याने त्या घरांत चुकीचा आकडा लिहिला तरी संगणक तो आपणच सुधारून घेतो. शिकणाऱ्यास वाटते, आपल्याला सारे जमले! परंतु पोलादपूरहून महाबळेश्वराकडे आंबेनळी घाट चढताना पाय पूर्ण दाबला, की बहुतेक गाड्यांत ही सुधारणा थांबते आणि कोष्टकातील आकडाच प्रमाण मानला जातो. जेथे चूक क्षम्य तेथे ती झाकली जाते. जेथे घातक तेथे ती उघडी पडते. मनुष्याच्या शिक्षणाची व्यवस्थाही बऱ्याच अंशी अशीच आहे, हे आम्ही वर्गात तीस वर्षे पाहत आलो आहोत.

असो. त्या तरुणापुढे प्रश्न आला तो निराळाच. रायगड पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांची ने-आण करणारा एक टॅक्सीवाला त्याच्याकडे आला. धूर शुद्ध करणारा, आत प्लॅटिनमसारखे मौल्यवान धातू असलेला जो डबा गाडीखाली असतो, तो निकामी झाला होता. नव्याची किंमत त्याच्या आवाक्याबाहेरची. त्याची मागणी अशी की, डबा काढून साधी नळी घालावी, आणि समोरचा पिवळा दिवा पेटू नये असे संगणकास शिकवावे. “सर, दिवा बंद करणे हे क्षणाचे काम आहे,” तो मला म्हणाला. “पीयूसीत गाडी उभीच असते, तेवढ्यापुरते मिश्रण साधता येते. मग मी नाही का म्हणावे?”

कायद्याचे उत्तर सोपे आहे. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ स्वरूपात असा फेरफार करण्यास मोटार वाहन कायदा मनाई करतो. पण त्याने मला कायदा विचारला नव्हता.

फोक्सवॅगन कंपनीचे प्रकरण 2015 साली अमेरिकेत उघडकीस आले. तिच्या डिझेल गाड्यांतील संगणक आपली परीक्षा चालू आहे हे ओळखी, तेवढ्यापुरता सभ्य होई, आणि रस्त्यावर आला की पूर्ववत विषारी वायू सोडी. जगभर सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्यांत ही युक्ती होती. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या संस्थेने गाड्या तपासल्यावर कंपनीने त्याच वर्षी डिसेंबरात सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलाविण्याचे जाहीर केले. भारतातील नियम मोडल्याचा आरोप मात्र तिने नाकारला. अमेरिकेतील ती युक्ती रचणारे नवशिके नव्हते. त्यांना प्रत्येक घरातील आकड्याचा अर्थ ठाऊक होता.

तेव्हा अज्ञान हा येथे दोष नव्हे. नवशिक्याने चुकीचा आकडा लिहिला, तर इंजिन ठोके देऊन ती चूक त्याला परत सांगते. चुकीचे फळ ज्याचे त्याला मिळते, म्हणून ती सुधारते. दिवा विझविणे ही त्या जातीची चूक नव्हे. तिचे फळ घाटाच्या कडेने पायी जाणाऱ्या शाळकरी मुलाच्या छातीत जाते, आणि ते मूल परत येऊन कोणास काही सांगत नाही. खबर परत येण्याची वाटच येथे बुजविलेली असते.

कोणी म्हणेल, कोकणच्या मोकळ्या वाऱ्यात एका टॅक्सीचा धूर तो किती! थोडाच, हे खरे. आणि टॅक्सीवाल्याचे दारिद्र्यही खरे. त्याला आज डबा घेता येत नसेल तर त्याने दिवा पेटता ठेवून गाडी चालवावी आणि पैसे साठवावेत, असे मी सुचविले. ते निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. पण त्यात निदान त्याला आणि त्याच्या प्रवाशांना गाडीचे खरे कळत राहते. त्यावर तरुणाचे उत्तर असे की, दिवा पाहून प्रवासी बिचकतात, आणि आपण नाही म्हटले तर महाडात दुसरा कोणी हे काम करीलच. याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

त्याने काम नाकारले. पुढच्याच आठवड्यात ती टॅक्सी त्याच्या दारावरून रायगडाकडे गेली, तेव्हा दिवा विझलेला होता. टॅक्सीवाल्याने काच खाली करून ते त्याला मुद्दाम सांगितले.