मुक्त आणि फुकट

'फुकट ते पौष्टिक' असे आपण थट्टेने म्हणतो. पण फुकट मिळालेल्याची किंमत कोण चुकवतो, हे सहसा विचारत नाही.

१९८३ साली रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने 'ग्नू' प्रकल्प जाहीर केला. सॉफ्टवेअर कसे लिहिले आहे ते प्रत्येकाला वाचता यावे, बदलता यावे, दुसऱ्याला देता यावे, एवढेच त्याचे मागणे. इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोहोंना 'फ्री' हा एकच शब्द, म्हणून तिकडे घोटाळा झाला. मराठीने शब्द वेगळे ठेवले आहेत. आपण अर्थही वेगळे ठेवायला हवेत.

या दूरच्या गोष्टीशी सिल्वासाचा संबंध काय? आमच्याकडे लग्नपत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती. पूर्वी प्रत्येक फॉण्टची सांकेतिक मांडणी निराळी. एका छापखान्यात जुळवलेला मजकूर दुसरीकडे नेला की अक्षरांची खिचडी होई. युनिकोडने संकेत एक केला. पुढे मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटाने देवनागरी 'मुक्ता' आणि तिची गुजराती बहीण 'मुक्ता वाणी' हे फॉण्ट खुले केले. कोणीही वापरावेत, बदलावेत, वाटावेत. मुख्य अट अशी, की नुसता फॉण्ट विकू नये आणि बदललेला फॉण्टही त्याच परवान्याखाली खुला ठेवावा. म्हणजे घेणाऱ्याने आपल्यामागे दार लावायचे नाही. ही अट मला कायद्यापेक्षा नीतीची वाटते.

पण दार उघडे ठेवले की कर्तव्य संपले काय? असंख्य संकेतस्थळांची गुपिते राखणाऱ्या 'ओपनएसएसएल' या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये २०१४ साली 'हार्टब्लीड' नावाचा गंभीर दोष सापडला. तेव्हा लोकांच्या ध्यानात आले, की एवढा डोलारा मूठभर माणसे सांभाळत होती. गावविहिरीसारखेच झाले. पाणी भरायला बड्या कंपन्याही होत्या. गाळ उपसायला फारसे कोणी नव्हते.

मराठी-गुजरातीला निदान बाजारपेठ आहे. इथल्या वारली, कोकणा, धोडिया बोलींसाठी कोणती कंपनी पैसा घालील? खुल्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्यासाठी काम करायला कोणाची परवानगी लागत नाही; मेहनत मात्र लागते. त्यासाठी प्रोग्रॅम लिहिता यायलाच हवा असे नाही. बिघडलेले जोडाक्षर कळवणे, पडद्यावरचे शब्द आपल्या बोलीत आणणे, चार पैसे देणे, हेही गाळ उपसणेच आहे.

घागर भरून नेणाऱ्याचा हक्क मी नाकारत नाही. पण वर्षातून एकदा तरी त्याने विहिरीत उतरावे, असे मला वाटते.