शुक्र आणि शिकायत

आजाऱ्याची इयादत हा मुसलमानाचा मुसलमानावरचा हक्क मानला जातो. आम्ही हा हक्क नेमाने अदा करतो. उशाशी बसून विचारतो, "खाला, तबियत कैसी है?" खाला म्हणते, "अल्लाह का शुक्र है." आम्ही समाधानाने घरी परततो. हेच उत्तर ती डॉक्टरांनाही देते. कागदावर साखर आटोक्यात दिसते. डॉक्टर त्याच गोळ्या पुढे चालू ठेवतात.

मधुमेह, संधिवात हे सहसा बरे होऊन जाणारे आजार नव्हेत. त्यांच्यासह वर्षानुवर्षे जगायचे असते. मग उपचार कशासाठी, आकड्यासाठी की जगण्यासाठी? साखर एकदम उतरेल या धास्तीने खालाला रात्री झोप नाही. पायांची आग होते. सजद्यातून उठताना भिंतीचा आधार लागतो. हे रक्ताच्या तपासणीत उमटत नाही. याची गवाही फक्त तीच देऊ शकते.

या गवाहीचे मोल किती? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कर्करोग रुग्णालयात डॉ. ईथन बाश यांनी आजार शरीरभर पसरलेल्या ७६६ रुग्णांचा अभ्यास केला. काही रुग्ण आपला त्रास स्वतः संगणकावर नोंदवत. तो वाढला की परिचारिकेला सूचना जाई. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नोंदवणारे रुग्ण मध्यमानाने ३१.२ महिने जगले, नेहमीच्या पद्धतीने उपचार घेणारे २६ महिने.

तरीही विचारले की खरे उत्तर मिळतेच असे नाही. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ साली कलकत्त्याजवळ सिंगूर येथे आरोग्याची पाहणी झाली. अमर्त्य सेन तिचा दाखला देतात. जवळजवळ निम्म्या विधुरांनी आपली प्रकृती बरी नसल्याचे सांगितले. विधवांमध्ये असे सांगणाऱ्या शंभरात दोन-तीनच निघाल्या. विधवा सुखात होत्या काय? त्यांना तक्रारीची सवयच उरली नव्हती.

खरा नैतिक पेच इथे आहे. रुग्णाच्या शब्दावर उपचार ठरू लागले, तर बोलणाऱ्याला मिळेल आणि सोसणारी मागे राहील. म्हणून रुग्णाचे न ऐकणे हा जसा अन्याय, तसाच त्याच्या पहिल्या शब्दावर थांबणे हाही अन्यायच.

आम्ही शिक्षक हे रोज पाहतो. "समझ में आया?" म्हटले की सारा वर्ग "जी" म्हणतो. गणित घातले की खरे कळते. आजाऱ्यालाही असेच नेमके विचारावे लागते. रात्री किती वेळा जाग आली? जिना चढवतो का? पैशांअभावी कुठली गोळी बंद केली? आणि हे विचारताना मुलगा-सून जरा बाहेर असलेली बरी.

कुणी म्हणेल, दुखणे सांगणे सब्रला शोभत नाही. पण हजरत अय्यूब यांनी आपली पीडा अल्लाहपुढे मांडली, तरी कुरआनने त्यांना साबिरच म्हटले. खालाचे "शुक्र है" हे अल्लाहला दिलेले उत्तर आहे. ते डॉक्टरांनी आणि आम्ही आपल्या सोयीसाठी वापरू नये.