रोजकीर्द, खतावणी आणि विसरण्याचा अधिकार

माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं. दुकानात दोन वह्या असत. रोज जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहायची रोजकीर्द, आणि कोणाच्या खात्यावर आज काय स्थिती आहे ते सांगणारी खतावणी. रोजकीर्दीत चूक झाली तर खाडाखोड चालत नसे. चुकीवर आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. रेघेखालचा चुकीचा आकडाही वाचता आला पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. मला तो लहानपणी निव्वळ हट्ट वाटायचा.

२००५च्या सुमारास मी पुण्यात बचत गटांच्या एका छोट्या संघासाठी संगणकप्रणाली लिहिली. सभासद बहुतेक घरकाम करणाऱ्या बायका. तेव्हा मी पायथॉनच्या आणि 'झोप' नावाच्या वेब-प्रणालीच्या प्रेमात होतो. (होय, मराठीत लिहिल्यावर ती अशीच दिसते. त्यावरचे सगळे विनोद आमच्या ऑफिसात होऊन गेलेले आहेत.) १९९८मध्ये मुक्तस्रोत झालेल्या या प्रणालीच्या पोटात झेडओडीबी हा ऑब्जेक्ट डेटाबेस होता, आणि माझं खरं प्रेम त्याच्यावर होतं.

इथे थोडं तांत्रिक बोलणं भाग आहे. नेहमीच्या रिलेशनल डेटाबेसमध्ये माहिती तक्त्यांत ठेवतात. प्रोग्रॅममध्ये मात्र 'सभासद', 'कर्ज', 'गट' अशा एकमेकांना धरून असलेल्या वस्तू असतात. त्या मोडून तक्त्यांत भरायच्या आणि परत जोडून बाहेर काढायच्या, ही हमाली प्रत्येक प्रोग्रॅमरने केलेली असते. ऑब्जेक्ट डेटाबेस म्हणतो, मोडू नकोस. वस्तू आहे तशीच दे, मी जपतो. कर्जाचा जामीनदार बदलायचा तर एक ओळ लिहायची, व्यवहार पक्का करायचा, संपलं.

शिवाय झेडओडीबीची फाइल फक्त शेवटी वाढत जाते. वस्तू बदलली की जुनी प्रत जागच्या जागी राहते आणि नवी तिच्यापुढे लिहिली जाते. त्यामुळे मागच्या आवृत्त्या बघता येतात, बदल उलटवताही येतात. संघाच्या ताईंनी मला विचारलं होतं, "कोणी काही बदललं तर कळेल ना?" मी म्हणालो, "इतिहास आपोआप राहतोच." हे वाक्य त्या क्षणी खरं होतं.

वर्षभरात प्रणाली रेंगाळू लागली. हप्त्याच्या दिवशी खिडकीपुढे रांग लागायची, आणि रांगेतल्या प्रत्येक बाईचं पुढचं काम खोळंबायचं. उशीर झाला की मालकीण बोलणार, खाडा झाला तर पैसे कापणार. म्हणजे प्रणालीचा वेग ही काही माझी हौस नव्हती. तो कोणाच्या तरी पोटाचा प्रश्न होता.

मी तीन गोष्टी केल्या. गटाच्या सगळ्या नोंदी मी एकाच यादीत ठेवल्या होत्या, त्यामुळे एक नोंद वाढवली की अख्खी यादी नव्याने लिहिली जाई. ती मोडून बी-ट्रीमध्ये टाकली. आता एका नोंदीसाठी झाडाचं एखादंच पान लिहावं लागे. दुसरं, वस्तू स्मृतीत ठेवण्याची मर्यादा मूळची ४०० होती, ती काही हजारांवर नेली. तिसरं, दर रविवारी रात्री 'पॅक' चालवायला लावलं. पॅक म्हणजे ठरावीक दिवसांपेक्षा जुन्या आवृत्त्या गाळायच्या, आणि ज्यांच्यापर्यंत मुळापासून कुठलीच वाट जात नाही अशा वस्तूही काढून टाकायच्या. मी सात दिवस ठरवले. फुगलेली फाइल आटोपशीर झाली, बॅकअप पटापट होऊ लागला, वीज गेल्यावर प्रणाली लवकर उठू लागली. रांग ओसरली. ताईंनी पेढे दिले.

काही महिन्यांनी एक मावशी आल्या. एका थकलेल्या कर्जाला त्या जामीनदार असल्याचं पडद्यावर दिसत होतं आणि वसुली त्यांच्याकडून सुरू झाली होती. "दादा, मी कोणाला जामीन राहिलेच नाही. आधी दुसरीचं नाव होतं." खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "मावशी, कम्प्युटर खोटं बोलत नाही." मला बोलावणं आलं. मी आत्मविश्वासाने इतिहास उघडला. तिथे एकच आवृत्ती होती, आत्ताची. पॅक करताना आधीच्या फाइलची एक प्रत बाजूला राहते, पण पुढचं पॅक तिच्यावरच नवी प्रत ठेवतं. असे कितीतरी रविवार उलटून गेले होते. बॅकअपही आम्ही शेवटचे दोनच ठेवत होतो. कागदी अर्ज? प्रणाली आल्यावर ते जपणं थांबलं होतं. "संगणकात आहे ना!"

संघाने तडजोड केली. निम्मी थकबाकी मावशींनी भरायची, निम्मी संघाने सोसायची. सगळ्यांना ते समंजसपणाचं वाटलं. मला आजही वाटत नाही. मावशी खरं बोलत असतील तर निम्मी वसुली हाही पूर्ण अन्याय आहे. खोटं बोलत असतील तर बाकीच्या बायकांच्या बचतीतून एक खोटं फेडलं गेलं. सत्य या दोन टोकांच्या मधोमध कुठेच नव्हतं. ते एका टोकाला होतं, आणि ते मी रविवारी रात्री दोन वाजता गाळून टाकलं होतं.

माझा गुन्हा काय? बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो, की पॅक ही नेहमीची देखभाल आहे, माहितगार माणसंही तेच सुचवतात. ते खरंच आहे. विसरणं स्वतःहून वाईट नाही. सगळं लक्षात ठेवणारी यंत्रणा कधीकधी क्रूर असते. म्हणून तर युरोपातल्या २०१८पासून लागू झालेल्या कायद्यात माणसाला स्वतःची माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे. पण तो हक्क ज्याची माहिती आहे त्याचा आहे. इथे मावशींच्या वतीने मी विसरलो, आणि मी विसरतो आहे हे त्यांना सोडाच, मलाही ठाऊक नव्हतं. मला वाटत होतं, मी वेग वाढवतो आहे.

मुळात इतिहास हा माझ्या रचनेत दिलेला शब्द नव्हता. फाइल ज्या पद्धतीने लिहिली जाते त्याचा तो योगायोगाने मिळालेला फायदा होता. मी त्याला वचनासारखं वापरलं आणि मग अडगळीसारखं फेकलं. डेटाबेसने मला फसवलं नाही. त्याने वस्तूची आजची स्थिती चोख जपली. मी खतावणी लिहीत होतो, आणि रोजकीर्द आपोआप लिहिली जाते आहे असं समजत होतो.

झेडओडीबीत एक गमतीचा शब्द आहे, 'भूत'. ज्या वस्तूचा पत्ता माहीत आहे पण तिच्यातला मजकूर अजून स्मृतीत आणलेला नाही, ती भूत. हात लावला की ती जिवंत होते. आधीचा जामीनदार, असलाच तर, भूतही उरला नव्हता. भुताला निदान बोलावता येतं.

त्यानंतर मी जामीन, व्याजदर, वारस असा प्रत्येक बदल स्वतंत्र नोंद म्हणून लिहू लागलो: कोणी केला, कधी, आधी काय होतं. नोंदी बी-ट्रीत, त्यांना नेहमी मुळापासून वाट, म्हणून पॅक त्यांना हात लावत नाही. वेगात पडलेला फरक खिडकीवरच्या मुलालाही जाणवला नाही. म्हणजे मावशींचं सत्य आणि रांगेतल्या बायकांचा वेळ यांत निवड करण्याची वेळ मुळात आलीच नव्हती. मी प्रश्नच विचारला नव्हता, एवढंच.

आता कोणी तरुण सहकारी 'ऑप्टिमाइझ केलं' असं आनंदाने सांगतो तेव्हा मीही आनंदतो. वेग ही चांगलीच गोष्ट आहे. मग मी विचारतो, काय फेकलंस? आणि ज्याचं होतं त्याला विचारलंस का? बहुतेक वेळा उत्तर निरुपद्रवी असतं. पण ते शोधताना त्याला थोडा वेळ लागतो, आणि तो वेळ वाचवू नये असं मला वाटतं.

मावशींनी निम्मी रक्कम अकरा हप्त्यांत फेडली. ते अकराही हप्ते आमच्याकडे तारीखवार नोंदलेले आहेत.