लेकींनी नेलेलं नाव

मृत समुद्राच्या पूर्वेला, आजच्या जॉर्डनमध्ये, मवाब नावाचा देश होता. त्याच नावानं तिथली माणसंही ओळखली जात. जुन्या जगात हे नेहमीचंच. आपल्याकडे अंग, कलिंग, विदर्भ ही नावंही लोकांची आणि भूमीची मिळून होती. भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी, बायबल वाचताना मवाबपाशी अडखळायला होतं ते यामुळे.

मवाबबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं बरंचसं त्याच्या शेजाऱ्यांनी लिहिलेलं. इस्राएली लोकांनी मवाबचा जन्म लोट आणि त्याच्या थोरल्या मुलीपासून सांगितला. शेजाऱ्याच्या कुळाची याहून वाईट निंदा कोणती करणार! विदर्भाचीही जन्मकथा घरगुतीच, पण जरा हसू आणणारी. पुराणातला ज्यामघ राजा निपुत्रिक आणि बायकोच्या धाकातला. लढाई जिंकून तो एका मुलीला रथातून घरी घेऊन आला. राणी शैब्येनं विचारलं, ही कोण? घाबरून म्हणाला, तुझी सून. मुलगाच नाही तर सून कुठली? पुढे मुलगा झाला, त्याचं नाव विदर्भ, आणि ती त्याची बायको झाली. सून आधी, मुलगा मागाहून. या देशाचं पुढचं सगळं वाङ्मयीन आयुष्य बघता ही कथा मला थट्टेपेक्षा मोठी वाटते.

कारण विदर्भ ग्रंथांत येतो तो बहुतेकदा माहेर म्हणून. अगस्त्याची लोपामुद्रा, नळाची दमयंती, कृष्णाची रुक्मिणी. कालिदासानं ‘रघुवंशा’त अजराजाला दिलेली इंदुमती विदर्भाची, म्हणजे दशरथाची आई, रामाची आजी. ‘मालविकाग्निमित्रा’तली मालविकाही विदर्भाचीच, तिथल्या राज्याची वाटणी वरदेच्या, म्हणजे वर्धेच्या, दोन काठांवर होते, पण नाटक मात्र विदिशेत घडतं. पोरी बाहेर जातात, कथा त्यांच्यामागोमाग जाते, आणि बापाचा देश मागे उरतो. नळानं राज्य घालवलं तेव्हा दमयंतीनं मुलांना कुंडिनपुरास धाडलं. अडचण आली की मगच कथेला माहेर आठवतं.

मवाबचंही असंच. दुष्काळात बेथलेहेमहून नामीचं कुटुंब तिकडे गेलं, आणि तिची मवाबी सून रूथ विधवा झाल्यावरही सासूची साथ न सोडता परक्या मुलखात आली. तिचा पणतू दावीद राजा. मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत देवाच्या मंडळीत घेऊ नये असा नियम ज्या ग्रंथसंग्रहात आहे, त्यातच राजवंशाची पणजी मवाबी आहे. त्याहून मला आवडतो तो पुढचा प्रसंग. शौल राजा मागे लागला तेव्हा दावीदानं आपल्या आईबापांना मवाबच्या राजाकडे नेऊन ठेवलं. कारण तिथं सांगितलेलं नाही. वाचणाऱ्याला मात्र पणजीचं माहेर आठवल्याशिवाय राहत नाही.

मग या देशांचा स्वतःचा आवाज कुठे गेला? मवाबचा सापडला. 1868 साली धिबान इथं काळ्या बसाल्टची शिळा दिसली. तिच्या मालकीवरून ओढाताण झाली, स्थानिक बदूंनी ती फोडली. तुकडे जोडून ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इसवी सनापूर्वी नवव्या शतकातला मेशा राजा तिच्यावर बोलतो. इस्राएलचं वर्चस्व झुगारलं, गावं जिंकली, कमोश देवानं साथ दिली. याच मेशाचं बंड बायबलातही आहे, दुसऱ्या बाजूनं सांगितलेलं. शिळेवरची भाषा हिब्रूच्या इतकी जवळची, की हे वैर भावकीतलंच वाटावं.

आपल्याकडचे दगड भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचे. 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्यानं शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या देखरेखीखाली तिथं उत्खनन केलं. जगन्नाथ टेकडीखालून स्तूप निघाला. ब्राह्मी अक्षरांतले दानलेख, आणि बुद्धकथेतला, फणा काढलेला मुचलिंद नाग, खाली नाव कोरलेला. इथं मेशासारखी बढाई नाही. अमक्यानं स्तूपाला दान दिलं, एवढंच. राजकन्यांचं माहेर म्हणून मिरवलेल्या या मुलखातली ही साधी माणसं स्वतःच्या नावानं, घरच्याच मातीवर उभी आहेत. पुराणांना त्यांचा पत्ता नाही.

पवनीच्याच एका शिलालेखात भार कुळातला भगदत्त राजा येतो. पुढे रतनपूरच्या कलचुरी जाजल्लदेवाच्या 1114 सालच्या लेखात भाणार नावाचं मंडल आहे, ते भंडारा असं मानतात. भार हे लोक, भाणार ही भूमी. दोन्ही नावं शेजारी ठेवून सांधा जुळवण्याचा मोह कुणालाही होईल. मला होतो, पण मधल्या हजार वर्षांत पुलासारखं काही हाती लागत नाही, म्हणून मी तो आवरतो.

आज विदर्भ म्हणजे नागपूर आणि अमरावती विभागांतले 11 जिल्हे. 1999 साली गोंदिया भंडाऱ्यातून वेगळा झाला आणि त्या यादीत भर पडली. मोर्च्यातल्या फलकांवर, अनुशेषाच्या आकडेवारीत, वेगळ्या राज्याच्या मागणीत हे नाव गाजतं. पण साकोली-लाखांदुराकडच्या माणसाला घरचं नाव विचारा, तो म्हणेल, आम्ही झाडीतले, म्हणजे इथल्या जंगलपट्ट्यातले. दंडार हे लोकनाट्य झाडीचं, बोली झाडीची. ज्या नावानं लोपामुद्रा ओळखली गेली, ते तो सरकारी अर्जावर लिहितो. झाडी मात्र त्या अर्जात कुठल्याच रकान्यात बसत नाही.