माहूरच्या डोंगरावर पाठ टेकताना

पिशवी खाली ठेवा.

धनोड्याजवळ पैनगंगा ओलांडून तुम्ही माहूरला पोचला आहात. लातूरहून निघाला असाल तर बराचसा शनिवार गाडीतच गेला. मार्गशीर्षातलं ऊन आहे, अंगावर घ्यावंसं वाटतं. समोर रेणुकेच्या पायऱ्या आहेत, सुमारे २५०. त्या कुठे जात नाहीत. आधी नुसतं उभं राहा. पिशवीचा पट्टा खांद्यात जिथे रुतला होता तिथे आता काय जाणवतंय, एवढंच पाहा. तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले आहेत का? दात एकमेकांवर दाबलेले आहेत का? असतील तर सैल सोडा.

या डोंगरावर फार पूर्वी कुणीतरी याहून जड ओझं घेऊन आलं होतं, अशी इथली कथा आहे. परशुरामाच्या खांद्यावर कावड होती. एका बाजूला वडिलांचं, जमदग्नींचं कलेवर, दुसऱ्या बाजूला आई रेणुका. अंत्यसंस्कारासाठी त्याला कोरी भूमी हवी होती, जिथे आधी कुणाचं दहन झालेलं नाही अशी. चालत चालत तो इथे आला, आणि कावड इथे उतरली. दत्तात्रेयांनी विधी केले, रेणुका सती गेली. पुढे आईच्या आठवणीने तो व्याकूळ झाला तेव्हा आकाशवाणी झाली की आई जमिनीतून वर येईल, फक्त मागे वळून पाहू नकोस. त्याला राहवलं नाही. त्याने पाहिलं, तोवर आईचा चेहराच वर आला होता. म्हणून माहूरची देवी मुखरूपात आहे, आणि गावाचं जुनं नाव मातापूर.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आले. ऐकताना सगळ्यांचं लक्ष मागे वळून पाहण्याकडे जातं. तुम्ही मात्र त्याआधीच्या क्षणापाशी थांबा. कावड उतरली तो क्षण. इतके दिवस वाहिलेलं ओझं खाली टेकल्यावर खांद्याला काय वाटलं असेल? तुमच्या खांद्यावर काय आहे, ते मोजत बसू नका. मोजदाद घरी रोजच होते. इथे फक्त एवढं मान्य करा, की काहीतरी आहे.

आता चढा. दोन पायऱ्यांना श्वास आत, तीन पायऱ्यांना श्वास बाहेर. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, शरीराची तशी रचनाच आहे. म्हणून बाहेर जाणारा श्वास लांब ठेवला की चढणीवरही धाप आवाक्यात राहते. दम लागला तर पायरी सोडून बाजूला व्हा. मागून येणाऱ्या मावशी सत्तरीच्या असतील आणि अनवाणी असतील, त्यांना पुढे जाऊ द्या. गती कुणाशी जुळवायची नाही. वर जवळ आलात की खलबत्त्यात विडा कुटल्याचा ठेका ऐकू येईल. देवीला कुटलेल्या तांबुलाचा नैवेद्य असतो. प्रसाद हातावर आला की लगेच गिळू नका. पानाचा तिखटपणा आधी येतो, काताचा तुरटपणा मागून. तो जिभेवरून पूर्ण जाईपर्यंत बोलू नका.

त्या रात्री लवकर जेवा. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. मोबाइल उशापासून दूर ठेवा.

रविवारी अंधार असतानाच निघा, दत्तशिखराकडे. वर गाडीही जाते, पण तुम्ही चालत जा. सागाची झाडं दोन्ही बाजूंना आहेत. पानगळ अजून जोरात नाही, तरी खाली पडलेलं एखादं पान बुटाखाली आलं की मोठ्याने मोडतं. सागाचं पान केवढं मोठं असतं, ते नीट पाहायला असं उजाडतानाच जावं. आवाज झाला की एक श्वास त्याच्यापाशी थांबा. पुढे चला. डोंगर सह्याद्रीसारखा उभा कडा नाही. तो चढणाऱ्याला घाबरवत नाही, आणि चढून गेल्यावर कुणाला काही सांगावं असंही त्याच्यात फारसं नाही. मला तो म्हणूनच जवळचा वाटतो.

वर पोचलात की पूर्वेकडे तोंड करून बसा. ज्याच्या शिखरावर बसला आहात त्याच्याविषयी थोडं.

दत्तात्रेय हा योग्यांचा गुरू. नाथपंथी त्याला मानतात. महानुभावांच्या पंचकृष्णांत तो आहे, आणि माहूरचं देवदेवेश्वर हे त्यांचं मोठं स्थान. जवळच वझऱ्याला धबधब्यापाशी शेख फरीद यांचा दर्गा आहे, तिथेही माणसं त्याच भावाने जातात. पण दत्ताची एक गोष्ट मला सगळ्यांत जास्त पटते, ती त्याच्या दिनक्रमाची. परंपरा सांगते की तो काशीला स्नान करतो, कोल्हापूरला भिक्षा मागतो आणि झोपायला माहूरला येतो. सतत फिरणारा देव. त्याच्या वाट्याला इतकी तीर्थं, इतकी शिखरं. त्यातलं एक ठिकाण त्याने पाठ टेकायला राखून ठेवलं, आणि ते नांदेड जिल्ह्यात आहे. आपण इथे नवस घेऊन येतो, रांगेत उभे राहतो, फोटो काढतो, पुढच्या देवाला निघतो. तो जे करायला इथे येतो तेवढं करायचं आपल्याला सुचत नाही.

तर तेच करा. कुणाच्या वाटेत येणार नाही अशी सपाट जागा बघा. चादर अंथरा. चढणीने पोटऱ्या आखडल्या असतील, म्हणून आधी पश्चिमोत्तानासनात थोडा वेळ, पाय ताणून, जमेल तेवढंच वाकून. मग उताणे झोपा. पायांत अंतर, तळवे आकाशाकडे. शवासन दिसायला सोपं, पण साधायला सर्वांत अवघड आसनांपैकी एक, असं बी.के.एस. अय्यंगारांनी १९६६ च्या ‘लाइट ऑन योगा’मध्ये सांगून ठेवलं आहे. करून पाहिलं की कळतं. शरीर पडून राहतं, आणि ते पडलं आहे याची राखण करत कुणीतरी आत जागं असतं.

टाचा सोडा. पोटऱ्या सोडा. मांड्या. कंबर जमिनीला लागत नसेल तर गुडघे किंचित वर घ्या. खांदे. जीभ टाळूपासून सुटू द्या. आता लक्ष शरीराखाली न्या. चादर, तिच्याखाली माती, मातीखाली काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे थर थिजून तो झाला. दख्खनचा बराचसा भाग त्याच्यावरच उभा आहे.

लातूरहून आलेल्यांना इथे थोडा जास्त वेळ लागेल. तो घ्या. त्याच पाषाणाच्या थरांखाली ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती पोचवून माणसं उशिरा झोपली होती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी झोपलेल्यांवरच आली. सुमारे १०,००० माणसं गेली. पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. भूकंपानंतर कितीतरी घरांतले लोक महिनोन्महिने अंगणात झोपले. आजही पन्नाशीपुढची काही माणसं रात्री भांडं वाजलं तरी उठून बसतात. त्यांना कुणी ‘सैल सोडा’ म्हटलं तर ते सहज होणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. ज्या जमिनीने झोपेत दगा दिला तिच्यावर पुन्हा पाठ टेकवणं ही मोठी गोष्ट आहे. ती रोज करत ते तीस वर्षं जगत आले आहेत.

तुमच्यातलं कुणी तसं असेल तर डोळे मिटू नका. उघडे ठेवूनच पडा. वर आकाश आहे, छत नाही. श्वास आत येतोय, बाहेर जातोय. पाठीखाली जमीन आहे. या क्षणी ती स्थिर आहे. पुढच्या क्षणाची हमी तिच्याकडे मागू नका. या क्षणापुरतं तिने धरलं आहे, तेवढा भार तिच्यावर द्या. आधी टाचांचा. मग डोक्याचा, सगळ्यांत शेवटी, कारण मान तो सोडायला तयार नसते.

इथे थांबा. हवं तितका वेळ.

झोप लागली तर लागू द्या. योगवर्गात शवासनात घोरणाऱ्याला हलवून उठवतात, इथे तसं करू नका. माझं सगळ्यांत जास्त लक्ष सोबत आलेल्या मुलांकडे आहे. अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’ने कित्येक घरांत डॉक्टर-इंजिनिअर घडवले, हे खरं आहे आणि मोलाचं आहे. पण लातूर-नांदेडच्या खोल्यांतून, अभ्यासिकांतून रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे मी पाहिले आहेत. त्या मुलांना प्रेरणा भरपूर मिळते, झोप मिळत नाही. आपल्याकडे विसावा माहीत नाही असंही नाही. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, अख्खं लातूर शेतात जातं, कडब्याच्या कोपीपाशी पांडवांची पूजा होते, आंबील-भज्जी पोटभर खाऊन माणसं झाडाखाली आडवी होतात आणि कुणालाही त्यात वेळ वाया गेला असं वाटत नाही. तसा एखादा दिवस अकरावी-बारावीच्या पोराला वर्षात आणखी एक-दोनदा मिळायला काय हरकत आहे? त्याला इथे पुस्तक न देता आणा.

उठताना उजव्या कुशीवर वळा. तसेच थोडं पडून राहा. मग हाताचा आधार घेऊन बसा. घाई केली तर चक्कर येते.

उतरताना पावलं लहान टाका. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार झेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी दुखतात ते चढणीपेक्षा उतरणीने जास्त. गाडीशी आल्यावर कुणीतरी म्हणेलच, आलोच आहोत तर सहस्रकुंड करून जाऊ, इस्लापूर काही फार लांब नाही. आज नको. मार्गशीर्षात त्या धबधब्याचं पाणी तसंही ओसरलेलं असतं, पैनगंगा तिथे आषाढ-श्रावणात पाहावी. त्यासाठी तेव्हा वेगळा दिवस काढा. आत्ता मागच्या सीटवर जो झोपला आहे त्याच्या मानेखाली काहीतरी द्या, आणि गाडी नांदेडच्या रस्त्याला सावकाश काढा.