बघे कोण होते?

मानसशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलामुलींना सामाजिक मानसशास्त्राच्या पुस्तकात एक नाव हमखास भेटतं: किटी जेनोव्हीज. १३ मार्च १९६४ च्या पहाटे न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, राहत्या इमारतीच्या आवारात या तरुणीचा खून झाला. दोन आठवड्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापलं की अडतीस शेजारी पाहत राहिले आणि एकानेही वेळेत पोलिसांना कळवलं नाही. शहराला माणुसकी उरली नाही, असा सूर सगळीकडे उमटला.

जॉन डार्ली आणि बिब लाटाने या दोन तरुण प्राध्यापकांना हे निदान पटलं नाही. त्यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून मायक्रोफोनवरून गप्पा मारायला सांगितलं. बोलता बोलता एकाला झटका आल्याचा आवाज यायचा. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटत असेल, तर झटका सुरू असतानाच ८५ टक्के जण मदतीसाठी बाहेर आले. आपल्याबरोबर आणखी चौघे ऐकताहेत असं वाटलं, तेव्हा फक्त ३१ टक्के. आणि जे खोलीतच बसून राहिले, ते निर्विकार नव्हते. त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता. उठावं की उठू नये, याचाच निर्णय त्यांना होत नव्हता. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दाखवलं की जबाबदारी जितक्या जणांत वाटली जाते, तितकी ती प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते.

एवढं लिहिलं की परीक्षेत गुण मिळतात. पण त्या अडतीस जणांची गोष्ट पुढे टिकली नाही. २००७ मध्ये अभ्यासकांनी जुने पुरावे तपासले, तेव्हा अडतीस जणांनी खून होताना पाहिला याला आधार सापडला नाही. मुळात घटना सगळ्यांना दिसेल अशा जागी पूर्ण घडलीच नव्हती. एक शेजारीण तर खाली धावत गेली होती आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिने किटीला धरून ठेवलं होतं. अनेक वर्षं या बाईचा पाठ्यपुस्तकात पत्ताच नव्हता. प्रयोग खरा ठरला. ज्या बातमीतून तो सुचला, ती मात्र अर्धीमुर्धी होती.

नागपुरातल्या वर्गात बसलेल्या मुलीला हे क्वीन्स कुठे आहे हे ठाऊक नसतं आणि त्याने बिघडतही नाही. बिघडतं ते दुसऱ्याच गोष्टीने. याच शहरात घडलेली एक घटना आहे, तिच्यात या विषयाची निम्मी प्रकरणं सामावलेली आहेत, आणि ती या मुलीला वर्गात बहुधा कोणी सांगत नाही.

जरीपटका भागात कस्तुरबा नगर ही वस्ती आहे. कष्टकऱ्यांची, मोठ्या प्रमाणात दलित कुटुंबांची. दहा वर्षांहून अधिक काळ तिथे अक्कू यादव नावाच्या गुंडाची दहशत होती. खंडणी, घरात शिरून मारहाण, बायकांवर बलात्कार, खून. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला नागपूरच्या जिल्हा न्यायालयात आणलं गेलं. तिथे वस्तीतल्या शेकडोंच्या जमावाने, ज्यात बायका मोठ्या संख्येने होत्या, त्याला तिखट फेकून, चाकूचे वार करून न्यायालयाच्या आवारातच ठार केलं. पोलिसांनी काही बायकांना पकडलं तेव्हा बाकीच्या म्हणाल्या, आम्हा सगळ्यांनाच धरा. दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, पुराव्याअभावी आरोपींची सुटका झाली.

या घटनेची आठवण काढली की आजही दोन प्रश्न हटकून ऐकू येतात. दहा वर्षं ही माणसं गप्प का बसली? आणि मग एकाच दिवसात इतकी हिंस्र कशी झाली? दोन्ही प्रश्न त्या माणसांच्या स्वभावाकडे बोट दाखवतात. सामाजिक मानसशास्त्राच्या पहिल्या धड्यातली सर्वांत मोलाची शिकवण हीच की, दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि तो ज्या परिस्थितीत उभा होता तिच्याकडे डोळेझाक करतो. स्वतःबद्दल मात्र आपण लगेच परिस्थितीचा हवाला देतो. दुसऱ्याबद्दलच्या या चुकीला पुस्तकात आरोपणातला मूलभूत दोष म्हणतात. नाव पाठ करणं सोपं आहे, कस्तुरबा नगरावर लावून पाहणं अवघड.

तर आधी गप्प बसण्याचं. वस्ती गप्प नव्हतीच. तक्रारी झाल्या होत्या. तक्रार केली की तक्रारदाराचं नाव त्या गुंडापर्यंत पोहोचायचं आणि मग तो दारात यायचा, असं तिथल्या बायकांनी पुढे वारंवार सांगितलं. ज्याच्या घरावर चाल होणार आहे त्याच्या भीतीला ‘बघ्याची भूमिका’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. डार्ली आणि लाटाने यांच्या प्रयोगातल्या विद्यार्थ्याला खोलीबाहेर आल्याबद्दल कोणी भोसकणार नव्हतं. खरे बघे दुसरीकडे होते: चौकीत, कचेऱ्यांत, आणि तिथून थोड्याच अंतरावरच्या सदर, सिव्हिल लाइन्स, धरमपेठेतल्या आपल्या घरांत. पेपरात एखादी ओळ यायची. ‘त्या भागात असंच चालतं’ म्हणून आपण पान उलटायचो. जबाबदारीची वाटणी फक्त एका गल्लीतल्या माणसांतच होते असं नाही, ती अख्ख्या शहरात होते. मोहल्ल्याच्या नावावरून आणि जातीवरून आपण एखाद्याला ‘आपल्यातला’ म्हणतो की नाही, यावर आपला वाटा ठरतो. हे वाक्य अमेरिकन पुस्तकात या शब्दांत सापडणार नाही. ते आपल्यालाच लिहावं लागेल.

आता मौन फुटण्याचं. सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केलेला रेषांचा प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याला आवडतो, कारण तो डोळ्यांपुढे उभा राहतो. तीन रेषांपैकी दिलेल्या रेषेएवढी कोणती, एवढंच सांगायचं. उत्तर उघड. पण खोलीतले बाकीचे सगळे, जे आधीच अ‍ॅश यांना सामील असत, ठामपणे चुकीचं सांगत. अशा वेळी खऱ्या सहभागी व्यक्तींची सुमारे एक तृतीयांश उत्तरं चुकली. वर्गात हा आकडा ठळक सांगितला जातो आणि माणूस मेंढरासारखा असतो, असा निष्कर्ष काढून तास संपतो. पुढचा भाग घाईत सुटतो. अ‍ॅश यांनी त्या खोलीत खरं बोलणारा फक्त एक साथीदार ठेवला, तेव्हा हे चुकणं आधीच्या जवळजवळ एक चतुर्थांशावर आलं. एकाने बोलायला सुरुवात केली की एकमताची भिंत तडकते.

कस्तुरबा नगरातही तेच घडलं. २००४ च्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका शिकलेल्या तरुणीने अक्कूविरुद्ध तक्रार केली. तो साथीदारांना घेऊन तिच्या दारात आला. वर्तमानपत्रांत आलेली हकीकत अशी की, तिने घरातला गॅस सिलिंडर उघडला, काडी हातात धरली आणि आत आलात तर सगळ्यांना घेऊन जाईन, असं बजावलं. ते पाहून शेजारी बाहेर आले, दगड हातात घेतले, आणि इतकी वर्षं ज्याला कोणी अडवलं नव्हतं ती टोळी पळाली. भीती एका क्षणात संपली नसणार. पण चीड शेजारच्या घरालाही आहे, फक्त मलाच नाही, हे प्रत्येकाला पहिल्यांदा दिसलं. प्रत्येकजण दुसऱ्याच्या गप्प बसण्यावरून ‘याला चालतंय’ असा अर्थ काढत असतो आणि दुसराही त्याच्याबद्दल तेच मानत असतो. हा गैरसमज मोडायला उघड बोलणाराच लागतो.

इथे थांबून स्पष्ट सांगायला हवं. न्यायालयात जे घडलं त्याला न्याय म्हणता येत नाही. ज्या न्यायालयावर विश्वास ठेवून साक्ष द्यायची, त्याच्याच फरशीवर माणूस मारला गेला. त्या बायकांचं दुःख कितीही खरं असलं, आणि ते खरंच होतं, तरी जमावाने निकाल लावण्याची वाट एकदा उघडली की पुढच्या वेळी त्या वाटेवर निरपराध सापडतो. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी तो सापडला. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भिक्षेकरी म्हणून फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. परिस्थिती समजून घेणं म्हणजे कृत्य माफ करणं नव्हे. हा फरक पहिल्याच वर्षी मनात पक्का बसला नाही, तर या विषयातून सगळ्या गोष्टींना कारणं देणारी माणसं तयार होतील, आणि कशाचीच जबाबदारी न घेणारी.

जमाव म्हटला की अविचार, हे समीकरण मात्र मला नागपुरात बसून मान्य करता येत नाही. फ्रेंच लेखक गुस्ताव ल बाँ यांनी १८९५ मध्ये मांडलं की गर्दीत शिरलेला माणूस विवेक गमावतो, संस्कृतीच्या पायऱ्या उतरतो. हे मत अजूनही अनेकांच्या बोलण्यात जिवंत आहे. त्याला उत्तर दीक्षाभूमीवर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसं इथे जमली, पांढऱ्या कपड्यांत, लेकराबाळांसह. बाबासाहेबांनी आधी स्वतः महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली आणि मग समोरच्या जनसमुदायाला दिली. बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हटल्या गेल्या. त्या गर्दीत माणसं विवेक गमावत नव्हती. पिढ्यान् पिढ्या नाकारलेलं स्वतःचं माणूसपण ती घोषित करत होती. आजही धम्मचक्र प्रवर्तन दिनाला येणारा समुदाय जाताना पुस्तकं घेऊन जातो.

कुर्ट लेविन यांनी १९४० च्या दशकात गृहिणींबरोबर केलेल्या अभ्यासात दिसलं होतं की, नुसतं व्याख्यान ऐकून सवयी फारशा बदलत नाहीत. गटाने चर्चा करून, सर्वांसमोर हात वर करून ठरवलं तर कितीतरी जास्त बदलतात. बाबासाहेबांनी लेविन वाचले होते की नाही हा प्रश्न गौण आहे. समूहासमोर स्वतःच्या तोंडून उच्चारलेली प्रतिज्ञा माणसाला बांधून घेते, हे त्यांनी ओळखलं होतं. गर्दी काय करेल हे ती स्वतःला कोण समजते, यावर बरंचसं ठरतं.

मग वर्गात शिकून नेमकं काय होतं? यावर दोन प्रयोग आहेत आणि ते एकमेकांशेजारी ठेवून वाचले पाहिजेत. रिचर्ड निस्बेट आणि यूजीन बोर्जिडा यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मिशिगनच्या विद्यार्थ्यांना झटक्याच्या प्रयोगाचा निकाल सांगितला: बहुतेकांनी लगेच मदत केली नव्हती. मग त्या प्रयोगातल्या दोन साध्या, सालस दिसणाऱ्या व्यक्तींच्या मुलाखती दाखवून विचारलं, यांनी काय केलं असेल? निकाल ठाऊक असूनही विद्यार्थ्यांनी सांगितलं की हे लगेच धावले असणार. आकड्यांनी त्यांचं मत हललंच नाही. पण दुसऱ्या एका गटाला आकडे न देता एवढंच सांगितलं की या दोघांनी मदत केली नाही. त्या गटाने बाकीच्यांच्या वागण्याचा अंदाज बरोबर बांधला. टक्केवारी आपल्याला शिकवत नाही, ओळखीचा चेहरा शिकवतो. म्हणूनच क्वीन्सबरोबर कस्तुरबा नगर शिकवायला हवं.

दुसरा प्रयोग १९७८ चा, आर्थर बीमन आणि सहकाऱ्यांचा. काही विद्यार्थ्यांना बघ्यांच्या वागण्यावर एक व्याख्यान दिलं. दोन आठवड्यांनी, अगदी वेगळ्या ठिकाणी, त्यांच्या वाटेत मदतीची गरज असलेला माणूस ठेवला. व्याख्यान न ऐकलेल्यांपैकी २५ टक्के थांबले. ऐकलेल्यांपैकी ४३ टक्के. अर्ध्याहून जास्त तरीही पुढे गेले, हे खरं. पण एका तासाच्या शिकवण्याने एवढा फरक पडत असेल, तर या विषयाला ‘सोपा म्हणून घेतलेला’ विषय समजणं थांबवलं पाहिजे.

मात्र विद्यार्थ्यांना वही घेऊन कस्तुरबा नगरात पाठवू नये. ज्यांनी इतकं सोसलं त्यांनी आपलं दुःख पुन्हा नमुना म्हणून मांडावं, ही अपेक्षा अभ्यासाच्या नावाखालीही करता येत नाही. प्रात्यक्षिक स्वतःच्या घरातून सुरू व्हावं. वडिलांना, काकूला, मोठ्या भावाला विचारावं: वर्धा रोडवर अपघात दिसला तेव्हा गाडी थांबवली होती का? नसेल, तर मनात काय आलं? ‘कायले मधात पडायचं’ हे उत्तर बऱ्याच घरांत मिळेल. त्याला धीराने पुढचा प्रश्न विचारला की त्यामागचं भय बाहेर येईल: पोलिस आपल्यालाच धरतील, दवाखाना पैसे भरायला लावेल, कोर्टाच्या तारखा मागे लागतील. हे भय कल्पनेतलं नव्हतं, म्हणून तर सर्वोच्च न्यायालयाला मार्च २०१६ मध्ये जखमींना मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक करावी लागली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. आता अशा माणसावर नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. परिस्थिती बदलली की वागणं बदलतं हे या विषयाचं म्हणणं असेल, तर बदललेला कायदा घरोघरी सांगणं हेही त्याचंच काम आहे.

आणि एक गोष्ट पहिल्याच महिन्यात प्रत्येकाकडून वर्गात मोठ्याने म्हणवून घ्यावी. रस्त्यात कोणी पडलं आणि भोवती गर्दी जमली, तर ‘कोणीतरी मदत करा’ असं ओरडू नये. त्या ‘कोणीतरी’त सगळे लपतात. एकाकडे बोट करावं आणि म्हणावं, निळ्या शर्टवाले भाऊ, तुम्ही १०८ ला फोन लावा. दुसरीला म्हणावं, ताई, तुम्ही मागून येणाऱ्या गाड्या थांबवा.